गाडीखालचं मांजर

"समुद्र काय, बघितला की झालं!" हे वाक्य दिगंबरकाकांनी उच्चारलं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं विभाचं ठाम मत आहे; आणि विभाची मतं सहसा पुराव्यानिशी असतात. ती रसायनशास्त्राची एम.एस्सी. जपानमधल्या कावासाकी शहरातल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत कुठला गोंद किती ओढल्यावर सुटतो, हे ती दिवसभर मोजते. स्वतः मात्र धरलेली गोष्ट कितीही ओढलं तरी सोडत नाही. हा गुण कामातून अंगात आला की अंगातून कामात गेला, याचा निवाडा तिच्या नवऱ्याला, अंबरीषला, अजून करता आलेला नाही.

वाक्य उच्चारलं गेलं पाडव्याच्या जेवणात. तिथल्या मराठी मंडळाने भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये श्रीखंडाची दुसरी फेरी चालू होती आणि काकांनी सप्टेंबरच्या सहलीची घोषणा केली. काका बँकेच्या पोस्टिंगवर तीन वर्षांसाठी जपानला आले आणि राहिले. ते आणि वीणाकाकू विभाच्याच इमारतीत, बरोबर तिच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात. मंडळाच्या सहली हा काकांचा प्रांत. यंदा दक्षिण इटली. इटलीच्या बुटाची टाच म्हणजे सालेंतो. तिथला सगळा किनारा: ओत्रांतो, कास्त्रो, लेउका, गाल्लिपोली. एक बस, एक गाइड, आणि एक स्वयंपाकी, जो सकाळी पोहे करेल आणि रात्री खिचडी. मधल्या काळात जे उरेल ते इटली.

"आणि बीच?" विभाने विचारलं.

"सगळे आहेत. एक सोडला नाही. प्रत्येक बीचला वीस मिनिटांचा फोटो स्टॉप."

"मग पाण्यात कधी उतरायचं?"

काकांनी श्रीखंडाचं बोट चाटलं. "उतरायचं कशाला? फोटोत मागे पाणी येतंच की. समुद्र काय, बघितला की झालं! तो काय पळून जातोय?"

"समुद्र नाही पळत, काका. बस पळते."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. विभा दोन हिवाळे पालिकेच्या तलावात पोहायला शिकली होती. बाहेर बोटं गोठत असताना ती टोपी घालून, नाकात क्लोरीन भरून, शाळकरी पोरांच्या मागे मागे हात मारत होती, ते एका दिवशी खऱ्या समुद्रात पोहायचं म्हणून. मग मंडळाची इझूच्या किनाऱ्याची सहल निघाली. पोहण्याचा पोशाख आतून घालून विभा बसमध्ये बसली, आणि इझूचा अख्खा समुद्र तिने पार्किंगमधून पाहिला. घरी येऊन कोरडाच पोशाख वाळत घातला. त्या दिवसापासून "फोटो स्टॉप" हा शब्द ऐकला की तिच्या कपाळावरची शीर उडते.

ती पाडव्याच्या दिवशीही उडाली. "आम्ही नाही येणार बसने," ती म्हणाली. "आम्ही आमची गाडी घेऊन फिरू. जिथे वाटेल तिथे थांबू, आणि पुरी बोटं सुरकुतेपर्यंत पाण्यात राहू."

अंबरीषचा चमचा वाटीत अडकला. त्याला गाडी चालवता येत नाही. गाडीत बसताही नीट येत नाही. वळणं आली की त्याचा चेहरा कच्च्या पपईसारखा होतो.

"चालवणार कोण?" काकांनी विचारलं.

"मी. पुण्यात बाबांची गाडी मीच चालवायचे."

"अगं, पुण्यात रस्त्याची कुठली बाजू आपली हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. इटलीत गाड्या उजवीकडून चालतात!" हॉलमध्ये हशा झाला. मग काका मोठ्या मनाने म्हणाले, "तुमच्यासाठी दोन सीटा राखून ठेवतो हो. मागच्या. टायरवरच्या."

टायरवरच्या सीटा हे ऐकून अंबरीषने उरलेलं श्रीखंड बाजूला ठेवलं.

आता इटलीत गाडी चालवायची तर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. विभाने पुण्याच्या एजंटाला फोन केला. एजंट म्हणाला, "म्याडम, स्वतः या, आणि तिकीट भारतातून निघणारं पायजे." म्हणजे इटलीला जाण्यासाठी आधी पुण्याला जा. दुसरा मार्ग असा की पुण्याच्या लायसन्सवरून जपानी लायसन्स काढायचं आणि त्यावरून आंतरराष्ट्रीय परवाना. हा मार्ग ट्रेनने थोडक्याच अंतरावर होता. जो मार्ग नकाशात जवळचा दिसतो तो सरकारी असेल तर मुळीच जवळचा नसतो, हे विज्ञानाच्या पुस्तकात नाही, पण असायला हरकत नव्हती.

लायसन्स मिळाल्यावर तुम्ही भारतात तीन महिने राहिलात याचा पुरावा द्या, असं खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं. पुरावा म्हणजे जुना पासपोर्ट. तो पुण्यात आईच्या कपाटात. आईने तो कुरियरने पाठवला आणि पाकिटात जागा उरली म्हणून सोबत मेतकूट घातलं. वाटेत पुडी फुटली. खिडकीवरच्या बाईंनी हातमोजे घालून एकेक पान उलटलं, प्रत्येक शिक्का वाचला, आणि मधेच थांबून अगदी हळू वास घेतला. विभा मान ताठ ठेवून उभी होती. बाई म्हणाल्या, "छान आहे." पासपोर्टबद्दल की मेतकुटाबद्दल, ते कळलं नाही. पण शिक्का मारला.

मग पन्नास प्रश्नांची लेखी परीक्षा. तयारीला अंबरीष प्रश्न वाचून दाखवायचा. "'दारू प्यायला असाल, पण घर जवळ असेल, तर सावकाश चालवावे.' बरोबर की चूक?" आणि स्वतःच विचारात पडायचा, "किती जवळ ते दिलेलं नाही."

लेखी परीक्षा विभा पहिल्या फटक्यात पास झाली. इमारतीच्या लिफ्टमध्ये काका भेटले. "लेखी ना? लेखी कुणीही पास होतं," ते म्हणाले. "प्रत्यक्षाला कळेल."

प्रत्यक्षाची परीक्षा लायसन्स सेंटरच्या आवारात, खोट्या रस्त्यांवर होते. खरे सिग्नल, खऱ्या पट्ट्या, एस आकाराचं वळण, आणि क्रँक नावाचा काटकोनात दोनदा मोडलेला बोळ. परीक्षक पांढऱ्या हातमोज्यांचे, पन्नाशीचे, आवाज देवळातल्यासारखा शांत. विभा गाडीपाशी गेली, दार उघडलं, बसली, पट्टा लावला, आरसे ठाकठीक केले, आणि सबंध चक्कर अशी सुरेख मारली की आपणच आपल्याला शंभरपैकी शंभर द्यावेत.

नापास.

"बसण्यापूर्वी तुम्ही गाडीभोवती फिरला नाहीत," परीक्षक म्हणाले. "वाकून गाडीखाली पाहिलं नाहीत."

"खाली काय असणार?"

"मांजर असू शकतं."

विभाने आवारभर नजर फिरवली. तारेचं उंच कुंपण. आत येण्याजाण्याला फाटक. मांजराला इथे यायचं तर त्यालाही आधी खिडकीवर अर्ज करावा लागला असता. अपमान गिळायला तिने ट्रेनमध्ये कोपऱ्यावरच्या दुकानातली ओनिगिरी, म्हणजे भाताची मूद, खाल्ली.

दुसऱ्या खेपेला ती गाडीभोवती फिरली, वाकली, खाली पाहिलं. मांजर नव्हतं. क्रँकमधून गाडी लोण्यातून सुरी जावी तशी काढली. तरी नापास.

"डावीकडे वळताना कडेला जागा सोडलीत. तिथून सायकल घुसली असती."

"कुठली सायकल?"

"येऊ शकली असती ती."

न दिसणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवायची रसायनशास्त्रात सवयच असते. अणू तरी कुणी पाहिलाय? पण अणूने आजवर तिला नापास केलं नव्हतं. न आलेली सायकल आणि नसलेलं मांजर यांनी मिळून तिला दोनदा पाडलं, हे काही केल्या तिच्या गळ्याखाली उतरेना.

इमारतीत बातमी तिच्या आधी पोचली होती. अंबरीषने सांगितलं नव्हतं; त्याने फक्त वीणाकाकूंना "अजून नाही" म्हटलं होतं, आणि काकूंना एवढं पुरतं. संध्याकाळी काका खाली आले. बसले, चहा मागितला, आणि सल्ला द्यायला लागले.

"सोडून दे. एकदा माणसानं मान्य करावं. सीटा आहेत अजून. पण नावं महिनाअखेर पक्की करायची आहेत."

"काका, मी विमानाची तिकिटं काढली आज."

"लायसन्स नसताना?"

"हो."

"पैसे परत न मिळणारी?" अंबरीषने आतून विचारलं. त्याला हे आत्ताच कळत होतं.

"परत न मिळणारी," विभा म्हणाली. "आता मागे फिरायचा रस्ताच नको."

वीणाकाकू मागून आल्या होत्या. त्या खुर्चीच्या कडेला बसत म्हणाल्या, "शाबास. आणि ह्यांचं ऐकू नकोस. ह्यांनी तरी क्रँकमध्ये काय दिवे लावले होते? तिसऱ्यांदा गाडी कठड्यावर चढली तेव्हा म्हणाले, मला नकोच यांचं लायसन्स, मी आपला बसनेच..."

"वीणा," काका म्हणाले, "वर कुकर लावलायस ना तू?"

"मी कुठला कुकर लावलाय?"

"मग लाव."

इथे विभाला सहलीच्या बसचा सगळा इतिहास एका क्षणात उमगला. पण ती हसली नाही. तिला काका आवडतात. जपानला आल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात तिला ताप आला तेव्हा रात्री औषध घेऊन तेच धावले होते. मात्र टायरवरच्या सीटेवर बसण्याइतके ते आवडत नाहीत.

तिने सराव सुरू केला. गाडी नव्हती, तेव्हा गाडीचा नमुना बनवला. गाडीची रुंदी साधारण कपडे वाळत घालायच्या काठीएवढी. तेव्हा बाल्कनीतली काठी काढली आणि दोन ओढण्यांनी कमरेला आडवी बांधली. इमारतीच्या मागच्या आवारात पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या मांडून क्रँक आखला. आणि ती त्यातून चालू लागली. आरसा, खांदा, डावीकडे मान, उजवीकडे मान, वळण. बाटली पडली की परत पहिल्यापासून. स्टेशनवरचे गार्ड बोट रोखून स्वतःलाच बजावतात ना, "सिग्नल, योशी!" म्हणजे पाहिलं, ठीक आहे, तेही तिने उचललं. आवारात "डावीकडे, योशी! मागे, योशी!" घुमू लागलं. काका वरच्या बाल्कनीत कपबशी घेऊन उभे राहायचे. "इंडिकेटर राहिला!" असं वरून ओरडायचे. राहिलेला असायचा, हा त्यातला वैताग.

तिसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला: "आवारात मांजरांना पळवण्यासाठी पाण्याच्या बाटल्या मांडू नयेत, ही नम्र विनंती."

इकडे लोक भरलेल्या बाटल्या दाराशी ठेवतात, का तर त्यावर ऊन चमकतं आणि मांजरं बिचकतात. (खरंच बिचकतात का, याचा नीट प्रयोग कुणी केलेला विभाला सापडला नाही. ती शोधून आली.) कागद लावला होता तळमजल्यावरच्या तोकुनागासानने. ऐंशीच्या घरातली ही बाई इमारतीमागच्या भटक्या मांजरांना रोज खायला घालते. विभा काठी कमरेला तशीच ठेवून खुलासा करायला गेली आणि त्यामुळे दारातून आत जाऊ शकली नाही. खुलासा बाहेरूनच झाला. काठी म्हणजे गाडी, बाटल्या म्हणजे कठडे, बिचकवण्याचा हेतू नाही. उलट मांजर नाही हे बघण्यासाठीच सगळं चाललंय.

तोकुनागासानने सगळं ऐकून घेतलं. "पण तुम्ही बघत नाही," ती म्हणाली.

"रोज बघते! वाकून!"

"तुम्ही वाकता. मी खिडकीतून पाहते ना. तुम्ही वाकता आणि उठता. मांजर असेल, असं म्हणून बघू नका. मांजर आहे, असं म्हणून बघा."

विभाला हे वाक्य शास्त्रीय दृष्ट्या फार आक्षेपार्ह वाटलं. निष्कर्ष आधी आणि निरीक्षण नंतर! तिच्या प्रयोगशाळेत असं कुणी केलं असतं तर... पण दुसऱ्या दिवशी तिने तसं करून पाहिलं, आणि सायकलींच्या रांगेखाली खरंच एक करडा बोकोबा निघाला. एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही, असं स्वतःला बजावत ती वर आली.

मग तिसरी परीक्षा, जिच्याबद्दल अंबरीषला आजही बोलायची परवानगी नाही.

परीक्षेच्या सकाळी वीणाकाकू जिन्यात उभ्या. त्यांनी विभाच्या हातात एक लिंबू ठेवलं. "चाकाखाली घाल. नवीन गाडीला घालतात ना? तसंच."

"काकू, मी सायन्सची आहे."

"मग काय झालं? लिंबूही सायन्सचंच आहे. सायट्रिक ॲसिड."

विभाने लिंबू जॅकेटच्या खिशात टाकलं. टाकून विसरून जायचं असा तिचा पक्का बेत होता. तो तिने पाळलाही. लिंबाने पाळला नाही. गाडीभोवती फिरून ती वाकली. मांजर आहे, असं म्हणून चांगलं खोल वाकली. मांजर नव्हतं. खिशातून लिंबू कधी घरंगळलं, तिला कळलं नाही. ती बसली, पट्टा, आरसा, खांदा, "मागे, योशी," आणि गाडी सुटली.

पच्च.

परीक्षकांनी हात वर केला. गाडी थांबली. दोघं उतरले. पुढच्या चाकाखाली पिवळं काहीतरी सपाट पडलं होतं, आणि आवारभर लिंबाचा ताजा वास सुटला होता.

"हे काय?" परीक्षकांनी विचारलं.

"लिंबू."

"तुमचं?"

पुरावा खिशात नव्हता, पण खोटं बोलणं तिला जमत नाही. "माझं. आमच्याकडे... सुरक्षिततेसाठी चाकाखाली ठेवतात."

परीक्षकांनी वाकून लिंबू निरखलं. त्यांच्या सबंध नोकरीत सुरक्षिततेसाठी ठेवलेल्या वस्तूवरून गाडी जाण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. "सुटण्यापूर्वी चाकासमोरची वस्तू पाहिली नाही," ते शेवटी म्हणाले.

"पण बघायला वाकले म्हणून तर ती पडली!" विभाचा आवाज चढला. "वाकले नसते तर पडली नसती. म्हणजे सुरक्षिततेची खबरदारी हेच अपघाताचं कारण आहे!"

"म्हणून," परीक्षक शांतपणे म्हणाले, "उठल्यावर पुन्हा बघायचं."

ट्रेनमध्ये ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. हरल्याचं तिला वाटत नव्हतं. लिंबावरून आपण अडखळलो, याचं वाटत होतं. गोंदाची ताकद चौथ्या दशांशापर्यंत मोजणारी बाई लिंबू-मिरचीच्या भरोशावर परीक्षेला गेली, ही गोष्ट प्रयोगशाळेत कळली तर तोंड कुठे लपवायचं? आणि वर काकूंचा फोन. "चिरडलं ना पण? मग झालं तर! आता पुढच्या खेपेला पास."

"काकू, त्याचा काही संबंध नाही."

"बरं, नाही तर नाही. पास हो म्हणजे झालं."

महिना संपत आला. काका नावं पक्की करायला वही घेऊन स्वतःच आले. दारातूनच म्हणाले, "शेवटचं विचारतो. अंबरीष, तू तरी बोल."

अंबरीषने विभाकडे पाहिलं. ती स्वयंपाकघरात भांडी आवरताना ओट्याच्या दोन्ही टोकांना मान वळवून बघत होती. आताशा तिचं शरीर तिला न विचारता हे करतं. मग तो म्हणाला, आणि हे त्याच्या आयुष्यातलं सर्वांत शूर वाक्य असावं, "काका, आमच्या सीटा देऊन टाका. नाहीच मिळालं लायसन्स तर तिथे चालत फिरू."

"चालत? ऐंशी-नव्वद मैलांचा किनारा?"

"मला चालताना मळमळत नाही."

चौथ्या परीक्षेला विभा गाडीभोवती फिरली, वाकली, उठली, आणि पुन्हा वाकली. न येणाऱ्या सायकलीला जागा दिली नाही. जिथे कोणी नव्हतं तिथे थांबून कोणी नाही ना हे बघितलं. गाडी उभी केल्यावर परीक्षकांनी पुढच्या चाकाकडे नजर टाकली. मग म्हणाले, "आज लिंबू नाही?"

"आज नाही."

"पास," ते म्हणाले, आणि हातमोजा काढून पहिल्यांदाच हसले.

काकूंनी अर्थातच या निकालाचं श्रेय तिसऱ्या परीक्षेच्या लिंबाला दिलं. लिंबाशिवायची विभा तुलनेला उपलब्ध नसल्याने हा दावा खोडता येत नाही, ही गोष्ट विभाला अजून टोचते.

सप्टेंबरात दोघं सालेंतोला पोचली. विमानतळावर एक छोटी पांढरी गाडी मिळाली, स्टिअरिंग उलट्या बाजूला. डाव्या बाजूच्या देशाचा परवाना खिशात घालून विभा उजव्या बाजूच्या देशात निघाली. ती गाडीभोवती फिरली. वाकली, उठली, वाकली. भाड्याच्या गाडीवाला पोरगा गाडीत काही बिघाड आहे की काय म्हणून धावत आला.

रस्ता दगडी कुंपणांमधून जाणारा. एका बाजूला जैतुनाची झाडं, दुसऱ्या बाजूला खाली निळं पाणी. विभा प्रत्येक थांब्याच्या रेषेवर थांबली, संपूर्ण थांबली, आणि दोन्हीकडे बोट रोखून "योशी" म्हणाली. त्या रेषांवर इतकं पूर्ण थांबलेलं बहुधा बऱ्याच वर्षांत कुणी पाहिलं नसावं. मागून हॉर्न सुरू झाले. नुसते हॉर्न नव्हेत. त्यात भावना होत्या.

"मागे सात गाड्या आहेत," अंबरीष म्हणाला.

"मोजू नकोस. मोजणं माझं खातं आहे."

"ते हाताने काहीतरी सांगतायत."

"पुढे बघ. पुढे समुद्र आहे."

आणि होता. ओत्रांतोच्या तटाखाली सकाळभर, कास्त्रोच्या खडकांवरून, लेउकाला जिथे जमीनच संपते तिथे. विभा जिथे वाटलं तिथे थांबली, जिथे वाटलं तिथे उतरली. पहिल्यांदा खाऱ्या पाण्यात तोंड घातलं तेव्हा ती ठसका लागून बाहेर आली, नाक पुसलं, आणि परत आत गेली. पालिकेच्या तलावात लाटा नसतात, हे तिच्या लक्षात कुणी आणून दिलं नव्हतं. बोटं सुरकुतली, पुन्हा कोरडी झाली, पुन्हा सुरकुतली. अंबरीष काठावर पाय बुडवून बसायचा आणि न हलणाऱ्या जमिनीचा आनंद घ्यायचा.

पोर्तो बादिस्को नावाची एक चिमुकली खाडी आहे, खडकांच्या ओंजळीत पाणी धरल्यासारखी. तिथे दुपारी पोहून दोघं गाडीकडे आली, तर दगडी भिंतींमधल्या अरुंद बोळातून एक मोठी बस आत शिरत होती. तिच्या काचेवर देवनागरीत मंडळाचं नाव. बस विभाच्या गाडीमागे येऊन टेकली. दार उघडलं. पोह्यांचा वास, आणि मागोमाग काका.

"वीस मिनिटं!" काका टाळ्या वाजवत ओरडले. "फोटो काढा, परत या! पुढे गाल्लिपोली आहे!" मग विभा दिसली. तिचे ओले केस दिसले. "मिळालं वाटतं लायसन्स," एवढंच म्हणाले.

वीणाकाकू धावत आल्या. त्यांच्या पिशवीत नारळाएवढं लिंबू होतं. "बघ गं, इथली लिंबं!"

"काकू, हे चाकाखाली घातलं तर गाडीच उलटेल."

"मग राहू दे. लोणचं घालू." त्या पाण्याकडे बघत राहिल्या. "थंड आहे का गं?"

"आधी थंड लागतं. मग नाही लागत."

"असं होय," काकू म्हणाल्या, आणि तेवढ्यात फोटोसाठी त्यांना हाक आली.

वीस मिनिटं संपली. सगळे बसमध्ये चढले. बाहेर जायची वाट एकच, आणि त्या वाटेच्या तोंडाशी विभाची पांढरी गाडी. ड्रायव्हरने हॉर्न दिला. विभा गाडीभोवती फिरली. वाकली. मांजर आहे, असं म्हणून वाकली.

मांजर होतं.

पिवळं, लठ्ठ, पुढच्या चाकाला पाठ लावून गाढ झोपलेलं. विभा गुडघ्यांवर बसली. कुंपणाच्या आतल्या गाडीखाली, चार परीक्षांत जे कधीच नव्हतं, ते इथे कान हलवत पडलं होतं. परीक्षकांना फोन करावा असं तिला क्षणभर वाटलं.

"शुक शुक," अंबरीष म्हणाला. मांजराने कूस बदलली, चाकाच्या आणखी जवळ.

बसचा हॉर्न पुन्हा वाजला. काका खाली उतरले. "काय झालं?"

"मांजर आहे."

"अगं, इंजिन चालू कर, पळेल आपोआप!"

"नाही पळालं तर?"

"विभा! गाल्लिपोलीचा फोटो स्टॉप चुकेल!"

विभा उठली. कपाळावरची शीर उडत नव्हती. आज तिची गरज नव्हती. "काका, हे मांजर उठेपर्यंत ही गाडी हलणार नाही," ती म्हणाली. "मी जपानचं लायसन्स घेतलंय. चार परीक्षा देऊन. तुम्हाला घाई असेल तर त्याला समजावून सांगा."

काकांनी वाकून पाहिलं. मांजराने त्यांच्याकडे एक डोळा उघडून पाहिलं आणि मिटला. चर्चा तिथेच संपली.

बसच्या दारात वीणाकाकू उभ्या होत्या. त्यांनी एकदा मांजराकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि चपला काढून बसच्या पायरीवर नीट जोडीने ठेवल्या. मग साडी घोट्याच्या वर खोचून त्या चालू लागल्या. "अगं कुठे?" काका म्हणाले. काकूंनी मागे पाहिलं नाही. पाण्यात पहिलं पाऊल पडलं तेव्हा त्या "आई गं!" असं ओरडल्या, आणि ते ओरडणं ऐकून बसमधली सगळी माणसं खिडक्यांना लागली. मग एकेक जण उतरला. कुणी विजारी दुमडल्या, कुणी पोरांना खांद्यावर घेतलं; स्वयंपाकी तर झाऱ्यासकट गेला. बस रिकामी झाली. ड्रायव्हरने हॉर्न सोडून सिगारेट पेटवली.

काका बराच वेळ गाडीपाशी घड्याळ बघत उभे होते. मग त्यांनी घड्याळ काढून अंबरीषच्या हातात दिलं.

थोड्या वेळाने मांजर उठलं. आळोखेपिळोखे दिले, शेपटी ताठ करून भिंतीवर चढलं आणि गेलं. विभा नेमाप्रमाणे पुन्हा एकदा वाकली, आणि दार उघडायला तिने हात घातला.

"विभा!" पाण्यातून हाक आली. पॅन्ट गुडघ्याच्या वर भिजलेली, शर्टाला वाळू, आणि काका कमरेवर हात देऊन लाटेला पाठ लावून उभे. "घाई कसली? नीट बघ! त्याच्यामागे अजून एखादं असेल!"